निराधार बालकाचे पालन: दया, पुण्य आणि ऋण

पोरक्या मुलाला जवळ करणे हे सत्कर्म आहे, यावर सर्व धर्मांचे एकमत आहे. प्रश्न उरतो तो या कर्माच्या स्वरूपाचा. सांभाळणारा मुलावर उपकार करतो, स्वतःसाठी पुण्य जोडतो, की आधीच अंगावर असलेले देणे फेडतो? दया म्हटली की मुलाचे भवितव्य देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते. पुण्य म्हटले की सारा हिशेब देणाऱ्याच्या खात्यावर मांडला जातो आणि मूल त्या हिशेबाचे साधन बनते. ऋण म्हटले तर मुलाला मागण्याचा अधिकार मिळतो आणि समाजाला ते नाकारण्याची मोकळीक राहत नाही. धर्मविचारात या तिन्ही उत्तरांना आधार सापडतो. यवतमाळ जिल्ह्यात गेल्या चार दशकांत हा प्रश्न ग्रंथांतून उठून घराघरात आला आहे. म्हणून तिथल्या वस्तुस्थितीशी ताडून त्याचा विचार करणे उपयोगाचे ठरते.

यवतमाळातले पोरकेपण

यवतमाळ हा विदर्भातला सोळा तालुक्यांचा, कापसाचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. बहुतेक शेती कोरडवाहू असल्याने पाऊस चुकला, बोंडअळी आली किंवा भाव पडला की कर्ज थकते. १९ मार्च १९८६ रोजी या जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळच्या दत्तपूर येथे जीवन संपवले. महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते आणि त्या दिवशी किसानपुत्र आंदोलनातर्फे दरवर्षी अन्नत्याग केला जातो. पुढे अशा घटनांची रांग लागली. बहुतेक घरांत कर्ता पुरुष गेला आणि बायको-मुले मागे राहिली. २००६ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या घरांतही मुले होती.

या मुलांना अनाथ म्हणावे का, इथूनच विचाराला सुरुवात होते. आईबाप दोघेही नसलेले मूल अनाथ, असा मराठीतला रूढ समज आहे. युनिसेफ मात्र अठरा वर्षांखालील, आईबापांपैकी एक किंवा दोघेही गमावलेल्या मुलाला या गणनेत धरते. जगात अशी जी मुले आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील हयात असतात. यवतमाळातही तेच दिसते. आत्महत्याग्रस्त घरातल्या मुलाला आई असते, पण अनेकदा सातबारा तिच्या नावावर नसतो, कर्जाची कागदपत्रे तिने कधी पाहिलेली नसतात, आणि सासरच्या घरातले तिचे स्थानही डळमळीत झालेले असते. अशा मुलाला मदत करायची आणि त्याच्या आईला वगळायचे, हे शक्यच नाही.

शेतकरी कुटुंबांखेरीज इतरही मुले या वर्तुळात येतात. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांत कोलाम आदिवासी राहतात. केंद्र सरकारने असुरक्षित आदिवासी समूहांच्या विशेष यादीत त्यांचा समावेश केला आहे. याच पट्ट्यात कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षे गाजतो आहे. बाहेरून आलेल्या पुरुषांनी फसवून सोडून दिलेल्या आदिवासी मुलींच्या लेकरांना बाप असूनही बापाचे नाव मिळालेले नाही. फासेपारधी समाजाच्या मुलांचे पोरकेपण आणखी निराळे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या पूर्वजांवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण व्यवहारात अजून टिकून आहे. आईबाप असलेल्या मुलालाही समाज पोरके करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. यवतमाळच्या दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी आत्महत्याग्रस्त कुटुंबे आणि पारधी समाज या दोन्हींत काम केले, त्याचे कारण या दोन दुःखांच्या साम्यात सापडते. दोन्हीकडे मुलाच्या वाट्याला आलेली स्थिती त्याच्या कोणत्याही कृतीचे फळ नसते.

कर्मविपाक आणि निरपराध बालक

मुलावर ही वेळ का आली, याला गावात मिळणारे सर्वांत जुने उत्तर म्हणजे नशिबाचे भोग. त्यामागे कर्मविपाकाचा सिद्धांत उभा आहे. जे भोगावे लागते ते या किंवा मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ असते, असे तो सांगतो. या सिद्धांताचा नैतिक हेतू मोठा आहे. कोणतेही कृत्य वाया जात नाही आणि प्रत्येकाला आपल्या करणीचा जाब द्यावा लागतो, हा विश्वास माणसाला सावध ठेवतो. पण पाच वर्षांच्या लेकराच्या दुःखाला तो लावला की अडचण उभी राहते. ज्या कर्माची शिक्षा म्हणून दुःख आले, ते कर्म मुलाला आठवत नाही. न आठवणाऱ्या चुकीतून शिकता येत नाही आणि तिचा पश्चात्तापही होत नाही. अशा शिक्षेला न्याय कसे म्हणायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

परंपरेच्या आतूनही याला एक उत्तर देता येते. कर्माचा सिद्धांत कर्त्याला स्वतःच्या वर्तनाविषयी सावध करण्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. समोर भुकेले मूल असताना पाठ फिरवणे हे पाठ फिरवणाऱ्याचे स्वतःचे नवे कर्म असते आणि त्याचे फळ त्यालाच भोगावे लागेल. म्हणजे हा सिद्धांत मानणाऱ्यालाही त्याच्या आधाराने हात झटकता येत नाहीत. याच विदर्भात गाडगे महाराजांनी भुकेल्याला अन्न, उघड्यानागड्याला वस्त्र, गरिबांच्या मुलांना शिक्षण आणि बेघरांना आसरा हाच धर्म असल्याचे सांगितले. त्यांच्या उपदेशात दुःखिताच्या मागच्या जन्माची चौकशी कुठेच येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. गरीब आणि हीनदीन लोकांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज या कल्पनेचा दुसरा उपयोग दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या गावोगावी पोचलेला हा विचार आहे, त्यामुळे यवतमाळच्या संदर्भात तो केवळ पुस्तकी राहत नाही. कापसाचा भाव, सिंचनाचा अभाव, कर्जाची व्यवस्था, औषधफवारणीच्या वेळी न मिळालेले संरक्षण, ही कारणे डोळ्यांना दिसतात आणि ती बदलता येतात. दिसणारे कारण बाजूला सारून न दिसणाऱ्या कारणाकडे बोट दाखवणे म्हणजे उपाय टाळणे होय.

हीच गोष्ट एका शेतकरी विधवेने भर सभेत सांगितली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. पुढचा जन्म चांगला मिळेल या आशेवर आपल्या पतीने हा जन्म संपवला, पण आपला पुढच्या जन्मावर विश्वास नाही, जे लढायचे ते याच जन्मात, अशा आशयाचे त्यांचे भाषण होते. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत हा पारलौकिक समाधान नाकारणारा आणि इहलोकातल्या न्यायाची मागणी करणारा विचार आहे. मागे राहिलेल्या मुलांच्या बाजूने पाहिले तर त्याचे महत्त्व लगेच कळते. त्यांना वाढायचे आहे ते याच जन्मात.

दानाचे निकष

पालनाचे दुसरे उत्तर पुण्याचे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य देशकाळी आणि योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. काही परत मिळावे म्हणून किंवा फळावर नजर ठेवून दिलेले दान राजस. अवहेलना करून, अयोग्य वेळी, अयोग्य ठिकाणी दिलेले दान तामस. या कसोटीवर निराधार बालकाचे पालन सात्त्विक दानाचे निखळ उदाहरण ठरायला हवे, कारण मूल परतफेड करू शकत नाही. तरीही देणाऱ्याला पुण्य, प्रतिष्ठा किंवा प्रसिद्धी हवी असेल, तर तेच दान राजस होते. शाळेच्या पटांगणात आत्महत्याग्रस्तांची मुले रांगेत उभी करून वह्या आणि दप्तरे वाटली जातात आणि छायाचित्रे काढली जातात, तेव्हा दप्तर हातात येण्याबरोबर त्या मुलावर जन्मभराची एक ओळखही चिकटते. अशा दानात अवहेलनेचा अंश शिरतो, देणाऱ्याच्या मनात तसे काही नसले तरीही. बायबलमधली येशूची शिकवण दान गुप्त ठेवायला सांगते, तेही याच धोक्यामुळे.

दानाच्या विचारात पात्रतेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. धर्मशास्त्रकारांनी दान घेणाऱ्याच्या योग्यतेची बारकाईने चर्चा केली. भूमी, गाय, सोने यांच्या दानासाठी विद्या आणि आचरण पाहावे असे सांगितले. पण अन्न आणि वस्त्र यांच्या दानात पात्रता पाहू नये, असाही विचार त्याच शास्त्रात आहे. भूक हीच तिथे पुरेशी योग्यता. आधुनिक राज्यव्यवस्थेने मात्र पात्रतेची चाळणी अधिक बारीक केली. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात दिले जातात. त्यासाठी शेतीची नोंद, मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा लागतो. ज्याच्या नावावर शेत नव्हते किंवा ज्याने फक्त परवाना नसलेल्या सावकाराकडून उसने घेतले होते, त्याचे प्रकरण अपात्र ठरण्याचा धोका असतो. सरकारी पैशाला नियम हवेत, हे खरेच. पण बापाचे कर्ज कुठल्या वहीत लिहिले होते यावरून लेकराची गरज कमीजास्त होत नाही. अन्नवस्त्राविषयीचा जुना विचार इथे आजच्या नियमापेक्षा अधिक न्याय्य ठरतो. चौकशी मृत्यूच्या कारणाची होऊ शकते. मुलाच्या बाबतीत त्याची गरज एवढाच निकष पुरेसा मानला पाहिजे.

इतर परंपराही याच दिशेने जातात. जैन धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चार प्रकार मानले आहेत. निराधार मुलाला या चारांचीही गरज असते आणि अभयाची सर्वांत जास्त. बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचा पहिला गुण. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांची विचारपूस करणे हा शुद्ध धर्म म्हटला आहे. इस्लामचे प्रेषित मुहंमद स्वतः अनाथ होते. जन्मापूर्वी वडील आणि सहाव्या वर्षी आई गेली. कुराणात अनाथाला दडपू नये, त्याची संपत्ती गिळू नये, अशा स्पष्ट आज्ञा आहेत. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, हे त्याच ग्रंथाचे सांगणे इथे विशेष महत्त्वाचे आहे. हक्क असेल तर देणारा दाता राहत नाही. त्याच्याकडे फक्त दुसऱ्याची ठेव असते. पुण्याची कल्पना इथे ऋणाच्या कल्पनेत मिसळते.

आपले मूल आणि परके मूल

पालनात केवळ अन्नवस्त्र पुरत नाही, मुलाला कोणीतरी आपले म्हणावे लागते. मग सर्वांना सारखे आपले म्हणता येते का? पोटच्या मुलाविषयी अधिक ओढ असणे हा दोष आहे की निसर्ग? पोटच्या पोरावर जी माया, तीच दासदासींवर करावी, असे तुकाराम महाराजांचे सांगणे आहे. हे वचन मराठी माणसाच्या तोंडी असते, पण ते आचरणात आणायचे ठरले की काय होते, हे सिंधुताई सपकाळांच्या जीवनात दिसते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पिंपरी मेघे येथे १९४८ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरातून हाकलून दिल्यावर भीक मागत, गात त्यांनी अनाथ मुलांना सांभाळायला सुरुवात केली. आपल्या मुलीत आणि त्या मुलांत भेद होऊ नये म्हणून स्वतःची मुलगी त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

या निर्णयाकडे दोन प्रकारे पाहता येते. समत्वाचा इतका कठोर आचार क्वचितच दिसतो. पण आईजवळ वाढण्याचा त्या मुलीचाही हक्क होता, आणि समत्वाची किंमत तिलाही द्यावी लागली. यातून एक तत्त्व निघते. सगळी मुले सारखी मानायची म्हणजे सर्वांना सारखे दूर ठेवायचे नसते, सर्वांना सारखे जवळ आणायचे असते. पण एकट्या व्यक्तीच्या अंगात तेवढी शक्ती नसते. म्हणूनच एका आईवर शंभर मुलांचा भार टाकून तिला देवत्व देणाऱ्या समाजाने स्वतःलाही प्रश्न विचारायला हवा. सिंधुताईंना करावा लागलेला त्याग हा इतरांनी न उचललेल्या वाट्याचाच परिणाम होता.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी दुसरा मार्ग निवडला. टाकून दिलेली अपंग, मूकबधिर, मतिमंद आणि दृष्टिहीन अशी शंभराहून अधिक मुले त्यांनी सांभाळली आणि त्या सर्वांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या एका दृष्टिहीन मुलीने लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी राज्यभर पोचली. शाळेचा दाखला, आधार कार्ड, लग्नपत्रिका, सगळीकडे बापाचे नाव मागणाऱ्या समाजात हे नाव म्हणजे मुलाला दिलेले अभयदान आहे.

इस्लामी परंपरा या बाबतीत वेगळा विचार करते. अनाथाच्या पालनाला तिथे अत्यंत मोठे पुण्य मानले आहे, पण मुलाने आपल्या जन्मदात्या पित्याचेच नाव लावावे, असा दंडक आहे. मुलाची खरी ओळख पुसली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. दोन्ही भूमिका मुलाच्या सन्मानासाठीच आहेत. जिथे ओळख आहे तिथे ती जपावी आणि जिथे कोणीच दिली नाही तिथे ती द्यावी, असा त्यांचा मेळ घालता येतो. २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते असे स्पष्ट केले आणि तसे करण्याची सक्तीही ठेवली नाही.

हिंदू दत्तकविधानाचा इतिहास इथे डोळ्यांत अंजन घालणारा आहे. जुन्या शास्त्रात दत्तकपुत्र घ्यायचा तो वंश चालावा आणि पितरांना पिंड मिळावा म्हणून. मूल देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापांना होता. परिणामी ज्याचे आईबाप मेले त्याला देणारेच कोणी उरत नसे, आणि ज्याला घराची सर्वांत जास्त गरज तो अनाथच दत्तक जाऊ शकत नसे. १९५६ च्या कायद्याने आणि १९६२ च्या दुरुस्तीने पालकाला न्यायालयाच्या परवानगीने असे मूल दत्तक देण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या कितीतरी आधी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले होते. पितरांसाठी मूल हवे ही जुनी दृष्टी. मुलासाठी घर हवे ही फुल्यांची दृष्टी. पालनाच्या धर्मविचारातले सर्वांत मोठे वळण हेच आहे.

संस्था आणि घर

महाराष्ट्रातल्या संघटित बालसेवेचा इतिहास दुष्काळांशी जोडलेला आहे. प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पंढरपूरला अनाथ बालकाश्रम सुरू झाला. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीत मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. त्या काळी जीव वाचवणे हाच पहिला धर्म होता आणि आश्रमाला पर्याय नव्हता.

पुढे अनुभवाने एक गोष्ट पटत गेली की आश्रम कितीही प्रेमळ असला तरी तो घराची बरोबरी क्वचितच करतो. आफ्रिकेने हा धडा मोठ्या किमतीने शिकला. एड्सच्या साथीने युगांडा, झांबिया, झिम्बाब्वे, मलावी, दक्षिण आफ्रिका या देशांत लाखो मुलांचे आईबाप गेले. जगभरातून दानाचा ओघ सुरू झाला आणि जागोजागी अनाथालये उभी राहिली. पण बहुसंख्य मुलांना प्रत्यक्षात सांभाळले ते आज्या, मावश्या, काका आणि मोठ्या भावंडांनी. अनाथालयांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. घरात खायला नाही आणि आश्रमात जेवण, शाळा मिळते, म्हणून त्यांना तिथे पाठवले होते. परदेशी दात्याला इमारत दाखवता येत होती, आजीची चूल दाखवता येत नव्हती. रवांडाने २०१२ पासून मुलांना अनाथालयांतून कुटुंबांत परत नेण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, हा दक्षिण आफ्रिकेतला उबुंटूचा विचार या बदलामागच्या भूमिकेशी जुळतो. मूल ही सुटी काढून देण्याघेण्याची वस्तू नाही, ते नात्यांच्या जाळ्यात जगते, असे हा विचार मानतो.

यवतमाळच्या प्रश्नाला हा विचार नेमका लागू पडतो. आई जिवंत असलेल्या मुलाला दूरच्या शहरातल्या आश्रमात नेले तर त्याला शाळा मिळते, पण आई जाते. त्यापेक्षा आईच्या नावावर शेत करणे, तिला कामधंदा मिळवून देणे आणि मूल तिच्याजवळ ठेवून शिक्षणाचा खर्च उचलणे हा पालनाचा अधिक पूर्ण मार्ग आहे. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना याच तत्त्वावर चालते. तिच्यात कुटुंबात राहणाऱ्या निराधार मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात. ही रक्कम थोडी आहे आणि ती वेळेवर हाती पडली तरच तिला अर्थ असतो. ज्या मुलाला कोणीच नाही, घरच असुरक्षित आहे, किंवा भटकंतीमुळे शाळा सुटते, त्याच्यासाठी वसतिगृह किंवा बालगृह लागतेच. अशा वेळी ते मुलाच्या गावापासून, भाषेपासून आणि माणसांपासून शक्य तितके जवळ असावे.

मुलाची श्रद्धा

धर्माच्या प्रेरणेने चाललेल्या पालनात एक नाजूक प्रश्न नेहमी उभा राहतो. मूल ज्याच्या ताटात जेवते, त्याच्याच देवाची प्रार्थना त्याने करावी का? १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या विधवांसाठीच्या शाळेतील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्यावर रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार पदांचे राजीनामे दिले, तेव्हापासून महाराष्ट्रात या प्रश्नावर वाद चालू आहे. यवतमाळला ख्रिस्ती मिशनचे काम जुने आहे आणि १९५३ पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी याच शहरात होती. हिंदू, बौद्ध, मुस्लिम संस्थाही जिल्ह्यात काम करतात. म्हणून हा प्रश्न कोणा एका धर्माला विचारायचा नाही.

संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती त्याच्या पालकाने द्यायची असते. पोरक्या मुलाच्या बाबतीत इथे पेच पडतो. संस्था हीच त्याची पालक असेल, तर संमती मागणारा आणि देणारा एकच होतो. म्हणून अशा संस्थेवर कायद्यापेक्षा मोठे नैतिक बंधन येते. १९८९ च्या बालहक्क करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीचा योग्य विचार करावा असे म्हटले आहे. कोलामी बोलणारे मूल वसतिगृहात येऊन केवळ मराठी बोलू लागले, आपले सण विसरले, तर त्याला शाळा मिळाली पण घर दुसऱ्यांदा गेले. सेवेची प्रेरणा धर्मातून यावी, सेवेची अट मात्र धर्म असू नये. कृतज्ञतेच्या ओझ्याखाली स्वीकारलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हे सर्व धर्मांतल्या थोरांनी मानले आहे.

ऋणाचा विचार

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. वैदिक परंपरेत माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्मतो असे मानले आहे. शतपथ ब्राह्मणात त्यांत चौथे ऋण सांगितले आहे, माणसांचे. हे ऋण माणसाने कमावलेले नसते आणि ते नाकारून त्याला मोकळेही होता येत नाही. अन्न, वस्त्र, भाषा, सुरक्षितता, सगळे दुसऱ्यांच्या श्रमातून मिळालेले असते. अंगावरच्या सुती कापडाचा धागा ज्याच्या शेतातून आला, तो शेतकरी त्याच कापसाच्या कर्जात गेला असेल, तर कापड वापरणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच्या मुलाचे काही देणे निघते. अशा रीतीने पाहिले की यवतमाळच्या निराधार मुलाला मदत करणे हे दूरच्या कोणावर केलेले औदार्य राहत नाही. घेतलेल्याची ती परतफेड असते.

ऋणाची भूमिका दयेला रजा देत नाही. दया नसेल तर देणे आहे हे कळतही नाही. दुसऱ्याच्या दुःखाने हललेले मनच आपल्या जबाबदारीचा शोध घेते. बौद्ध विचारातली करुणा आणि मैत्री यांचे स्थान हेच आहे. पुण्याची ओढही निरुपयोगी नाही, कारण अनेकांना पहिले पाऊल उचलायला तीच लावते. पण दया आटते आणि पुण्याची मोजदाद संपते. ऋण मात्र फेडल्याशिवाय फिटत नाही. म्हणून पालनाचा पाया ऋणावर असावा, त्याला चालना दयेने मिळावी आणि पुण्याचा विचार करणाऱ्याने तो स्वतःपुरता ठेवावा.

ऋण मानले की काही व्यावहारिक गोष्टी आपोआप ठरतात. राज्याला आपला वाटा उचलावा लागतो. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात मुलांना स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांसह निकोप वाढीची संधी मिळावी असे निर्देश आहेत. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिले, तेही याच भूमिकेतून समजते. दात्याने हिशेब मागावा, पण मुलाकडे कृतज्ञतेचे प्रदर्शन मागू नये. संस्थेने मुलाची ओळख आणि छायाचित्र जपावे. आणि देणे अर्ध्यावर थांबवू नये. कायद्याने बालगृहाची मुदत अठराव्या वर्षी संपते. त्यापुढे अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या, फार तर तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. सर्वसाधारण घरात अठराव्या वाढदिवसाला कोणी मुलाला दाराबाहेर काढत नाही. अपंग अनाथांचे आजन्म पुनर्वसन व्हावे यासाठी कायदा करा, अशी मागणी पापळकर वर्षानुवर्षे करत आले आहेत. तिचा तात्त्विक आधार इथेच आहे. पालकत्वाला मुदत नसते.

यवतमाळातील निराधार बालकाच्या संदर्भात धर्माची कसोटी यावरून स्पष्ट होते. ज्या श्रद्धेमुळे मुलाच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी जातो, ती तपासून पाहावी लागते. ज्या दानाने मूल लाजते ते सुधारावे लागते. ज्या सेवेने आई, नाव, भाषा किंवा श्रद्धा हिरावली जाते तिची दिशा बदलावी लागते. आणि ज्या पालनातून मूल पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहून, कोणाचाही मिंधा न होता, दुसऱ्या कोणाचे तरी देणे फेडू शकते, ते पालन कोणत्याही धर्माच्या नावाने झाले असले तरी धर्म्यच होय.